लाडवांखालचे पासपोर्ट

दत्तप्रसाद आठल्ये यांचा कोणावरही विश्वास नव्हता. त्याला त्यांचा तरी काय इलाज! धंदाच तसला. बहरीनमध्ये मनामातल्या एका विमा कंपनीत ते मोटार-अपघातांचे क्लेम तपासत, आणि त्या खुर्चीत केस पांढरे होईपर्यंत त्यांची एक समजूत पक्की झाली होती, की जगात कुठलीही गाडी आपणहून खांबावर जात नाही, मागे कोणाचा तरी डाव असतो. सांगाड्यावर कोरलेला चेसिस नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्याशिवाय ते गाडीला गाडी म्हणत नसत. घरीही तेच. झिंजमधल्या त्यांच्या बिल्डिंगखालच्या कोल्ड स्टोअरमधून, म्हणजे तिथल्या वाण्याकडून, दही आलं, की झाकणावरची तारीख वाचायची, मग ही तारीख तरी खरी कशावरून म्हणत दह्याचा वास घ्यायचा, आणि शेवटी बायकोला म्हणायचं, "तू आधी खाऊन बघ."

बायको म्हणजे लीना. तिने एका संध्याकाळी सांगितलं, "अहो, बहरीनहून इंग्लंड-स्कॉटलंडचा ग्रुप निघतोय. सगळीकडे बसने फिरवतात. रात्रीचं जेवणसुद्धा आपलं."

"आपलं म्हणजे कोणाचं?" दत्तप्रसादांनी विचारलं.

तरीही बेत ठरला, कारण लीनाने आधीच सगळ्या बिल्डिंगला सांगून टाकलं होतं. आणि बिल्डिंगला कळलं की सल्ले सुरू. तळमजल्यावरचा झुबेर मोबाइलच्या दुकानात कामाला. तो म्हणाला, "अंकल, हॉटेल के लॉकर में पासपोर्ट कभी मत रखना. मॅनेजर के पास मास्टर कोड होता है." वरच्या मजल्यावरचा चिराग बँकेत होता आणि समुद्रावरचा कॉजवे ओलांडून सौदीतल्या खोबरच्या पलीकडे कधी गेलेला नव्हता, पण त्याला लंडनची खडान्‌खडा माहिती. "काका, कमरेचं पाकीट म्हणजे चोराला निमंत्रणपत्रिकाच! ते आधी कमरेकडेच बघतात. आणि बसमध्ये बॅग वर ठेवलीत, की गेली म्हणून समजा." नुसतं बोलून न थांबता तो रोज रात्री व्हिडिओ पाठवू लागला. कुणाची पर्स गेली, कुणाचा फोन गेला, कुणाचे पासपोर्ट गेले आणि तो बिचारा वकिलातीच्या दारात बसला. दत्तप्रसाद ते सगळे व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघत आणि मान हलवत. आपल्याला जे जन्मभर वाटत आलं, ते अखेर कोणीतरी कॅमेऱ्यात पकडलं याचं त्यांना समाधान होतं.

"पासपोर्ट माझ्याकडे राहतील," त्यांनी लीनाला बजावलं. "तुझ्याकडे नकोत. बाब-अल-बहरीन आठवतंय ना?"

हे बाब-अल-बहरीन प्रकरण सांगायलाच हवं. फार वर्षांपूर्वी लीना तिथल्या बाजारात एका कापडाच्या दुकानात आपलं रेसिडेंट कार्ड काउंटरवर विसरून आली होती. संध्याकाळी मिळालंही. संपलं. पण संपू देतील ते दत्तप्रसाद कसले! तो किस्सा त्यांनी गणपतीत सांगितला, फेअरवेलच्या पार्ट्यांत सांगितला, एकदा तर कोणाच्या घरी दुखवट्याला गेले असतानाही विषय फिरवून फिरवून तिथे आणला. लीनाचा घाबरलेला चेहरा, पर्स उपडी करणं, सगळं साभिनय. लोक हसत. लीनाही हसत असे. तेवढ्या वेळापुरता ती चहा आणायला आत जाई.

तर अशी मंडळी निघाली. टूर मॅनेजर राजन नावाचा एक मल्याळी तरुण होता आणि काहीही झालं तरी "अंकलजी, टेन्शन मत लो" म्हणायचा, त्यामुळे दत्तप्रसादांना पहिल्या दिवसापासून टेन्शन आलं होतं. बसचा ड्रायव्हर गॅव्हिन, तांबड्या दाढीचा, दरवाजाएवढा स्कॉटिश माणूस. त्याचा एकच नियम, गाडीत खायचं नाही. हा नियम गाडीतल्या सगळ्या मराठी मंडळींनी ऐकून घेतला आणि पिशव्या सीटखाली सरकवल्या.

आणि मागच्या सीटवर कमाल परकार. मूळचे खेडचे, बहरीनच्या मीना सलमान बंदरापाशी त्यांचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज. म्हणजे पाहा, क्लेम तपासणाऱ्याच्या पाठीमागे गॅरेजवाला! कमालभाईंनी त्यांना पहिल्याच दिवशी ओळखलं. "अवो, तुम्ही ते आठल्येसाहेब ना? माझ्या गिऱ्हाइकांचे क्लेम उडवून लावणारे? माशाल्ला, भेट झाली!" आणि खो खो हसले. ज्या माणसाचे क्लेम आपण उडवले तो हसतो कशासाठी, या विचाराने दत्तप्रसादांना लंडनचा राजवाडा नीट दिसला नाही.

कमालभाईंची बायको खदिजा मात्र लीनाच्या गळ्यातला ताईत होऊन बसली. तिने पहिल्याच दिवशी नानखटायांनी भरलेला स्टीलचा डबा लीनाच्या हातात ठेवला. "घरच्या आहेत गं. तोंडात टाकल्या की विरघळतात." दत्तप्रसादांनी आधी एक लीनाला खाऊ दिली, थोडा वेळ तिच्याकडे बघत थांबले, आणि ती ठणठणीत आहे असं दिसल्यावर उरलेल्या जवळजवळ सगळ्या एकट्याने संपवल्या. मग दोन दिवस लीनाच्या डोक्याला एकच घोर. "अहो, डबा रिकामा कसा परत द्यायचा? बरं दिसतं का ते?" हे ती त्यांना मोटरवेवर म्हणाली, शेक्सपिअरच्या घरासमोर म्हणाली आणि विंडरमेअरच्या तळ्यात बोटीवरही म्हणाली. दत्तप्रसाद "हं" म्हणाले. बायकोचं बोलणं हे त्यांच्या मते रेडिओसारखं होतं, चालू असलेलं बरं, पण बातम्या त्यात नसतात.

विंडरमेअरच्या हॉटेलात संध्याकाळी तिने झिंजहून आणलेले बेसनाचे लाडू त्या डब्यात नीट रचले, डबा टेबलावर ठेवला, आणि पुण्यात कॉलेजला असलेल्या लेकीला, इरावतीला, फोन करायला खाली लॉबीत गेली. खोलीत वायफाय यायचं नाही. दत्तप्रसाद आणि पासपोर्ट एकटे उरले.

त्या दिवशी खोली आवरणाऱ्या बाईने त्यांना जिन्यात बघून "लव्हली मॉर्निंग" म्हटलं होतं, संध्याकाळी पुन्हा "लव्हली टाय" म्हटलं होतं. कारण नसताना एवढं गोड कोण बोलतं? लॉकरचा मास्टर कोड मॅनेजरकडे. कमरेचं पाकीट म्हणजे निमंत्रणपत्रिका. बॅग वर ठेवली की गेली. आणि मग त्यांची नजर टेबलावर गेली. लाडू! जगातला कुठला चोर लाडू चोरतो? चिरागच्या एवढ्या व्हिडिओंत एकाही माणसाचे लाडू गेलेले नव्हते. त्यांनी लाडू काढून टॉवेलवर ठेवले, दोन्ही पासपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून तळाशी सारले, वर पुन्हा लाडू रचले. जे मावले नाहीत ते खाल्ले. लीनाला सांगायचं नाही असं ठरवलं, कारण गुपित दोघांना कळलं की ते गुपित राहत नाही. चेसिस नंबर वाचल्याशिवाय सही न करणाऱ्या या माणसाने तेवढा एक डबा मात्र फिरवून पाहिला नाही. पाहिला असता तर त्याच्या कडेला कोरलेलं नाव दिसलं असतं. सौ. खदिजा क. परकार, खेड.

सकाळी बस सुटली. आजचा पल्ला मोठा. मोटरवेने वर जायचं, सीमेवर ग्रेटना ग्रीनला थांबायचं आणि संध्याकाळपर्यंत एडिनबरा गाठायचं. बाहेर हिरव्या टेकड्या, त्यांच्यावर मेंढ्या, वर ढग. दत्तप्रसाद खुशीत होते. रात्री मस्त झोप लागली होती. बस रस्त्याला लागल्यावर सहज खात्री करावी म्हणून ते म्हणाले, "अगं, जरा लाडवांचा डबा दे इकडे."

"आत्ता? नाश्त्याला एवढं हादडलंत ना?"

"असू दे. दे तू."

"डबा दिला की."

"दिला? कुणाला दिला?"

"खदिजाभाभींना. सकाळीच, नाश्त्याच्या वेळी. तुम्ही वर बॅगांची कुलपं ओढून बघत होतात तेव्हा. त्यांचाच तर डबा! दोन दिवस तुमच्यापुढे मीच बडबडत होते ना?"

दत्तप्रसादांच्या तोंडचं पाणी पळालं. लीना त्यांच्याकडे बघत होती. "का हो? चेहरा का असा पडला? पासपोर्ट नीट आहेत ना?"

"म्हणजे काय!" ते म्हणाले आणि त्यांनी कमरेच्या पाकिटावर थाप मारली. त्यात एक कंगवा आणि बस लागू नये म्हणून घ्यायच्या गोळ्या होत्या.

"बरं," लीना म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली. पर्स तिने मांडीवर घेतली.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठंसं? उठावं, मागे वळावं आणि सांगावं की भाभी, तेवढं तळाशी आमचं सामान आहे. तुम्हाआम्हाला हे सुचलं असतं. दत्तप्रसादांनाही सुचलं, नाही असं नाही. पण ते बोलायचं म्हणजे लीनाला कळणार. गाडीला कळणार. गाडीत सगळी बहरीनची माणसं, म्हणजे विमान उतरायच्या आत झिंजला कळणार. आणि मग पुढच्या गणपतीत बाब-अल-बहरीनचा किस्सा सांगायला तोंड उघडलं, की कोणीतरी म्हणणार, आधी लाडवांचा सांगा. पासपोर्ट गेले तर व्हिसा जाईल, बहरीनला परत पाऊल टाकता येणार नाही, नोकरीवर गदा येईल, हे सगळं होतंच. पण त्याहून मोठं म्हणजे घरात जो शब्द होता तो जाईल. तेव्हा पासपोर्ट गुपचूप बाहेर काढायचे, असं ठरलं.

ते वळले. कमालभाईंच्या मांडीवर कापडी पिशवी होती आणि पिशवीत डब्याचा गोल आकार स्पष्ट दिसत होता. लग्नातली दागिन्यांची पिशवी धरावी तशी त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली होती. लाडवांची पिशवी अशी कोण धरतं?

"कमालभाई, लाडू कसे वाटले?"

"अजून चाखले नाय, दत्तभाऊ."

"मग चाखा की! उघडा, एक तुम्ही घ्या, एक मला द्या."

कमालभाईंनी डोळे मोठे केले. "गाडीत? गॅव्हिनने मनाई केलीय ना? आणि परवा तुम्हीच राजनला सांगत होतात, नियम म्हणजे नियम." आणि ते हसले. खदिजा ओढणीचा पदर तोंडावर धरून बाहेर बघू लागली.

दत्तप्रसाद पुढे वळले. हा हसला. का हसला? याला तळ लागलेला आहे. उडवलेल्या क्लेमांचा सूड! डेंटिंगवाला माणूस, ठोकून आत गेलेलं बाहेर काढण्यात हातखंडा. आपले पासपोर्ट आता मीना सलमानच्या कुठल्या ड्रॉवरमध्ये जातात कोण जाणे.

वाटेत मोटरवेवर चहापाण्यासाठी थांबा होता. सगळे उतरले. कमालभाई पिशवी सीटवर ठेवून उतरले, हे दत्तप्रसादांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. त्यांचं काळीज सुपाएवढं झालं. सगळे आत गेल्यावर ते माघारी फिरले. गॅव्हिन बसच्या दाराला कुलूप लावून कागदी पेल्यातून कॉफी पीत उभा होता.

"माय कॅप," दत्तप्रसाद म्हणाले. "फरगॉट माय कॅप इन द बस."

गॅव्हिनने त्यांच्याकडे बघितलं, मग त्यांच्या डोक्यावरच्या टोपीकडे बघितलं, आणि कॉफीचा एक घोट घेतला. "यू शुअर?"

दत्तप्रसादांनी डोक्याला हात लावला. "अनदर कॅप," ते म्हणाले. गॅव्हिनने दार उघडलं, पण स्वतःही आत चढला आणि दाराशी हाताची घडी घालून उभा राहिला. दत्तप्रसाद आपल्या सीटखाली, कमालभाईंच्या सीटखाली, मध्येच वर, असं बराच वेळ दुसरी टोपी शोधत राहिले आणि तिला न सापडण्यावाचून गत्यंतर नव्हतं. खाली उतरले तर समोर राजन. "अंकलजी, क्या हुआ?"

"काही नाही. टोपी."

"टेन्शन मत लो, टोपी सर पे है."

आत लीना आणि खदिजा एका टेबलाशी डोकं जोडून बसल्या होत्या. ते जवळ जाताच दोघी गप्प झाल्या. हे त्यांनी टिपलं. कमालभाई चहा घेऊन आले, त्यांनी या दोघींकडे बघितलं आणि भुवया उडवल्या. हेही टिपलं. गाडीत काहीतरी शिजतंय, कट आहे कट, असं त्यांचं मन ओरडून सांगू लागलं. पण कटात कोणकोण आणि कशासाठी, ते काही केल्या जुळेना.

"काय शोधत होतात हो बसमध्ये?" लीनाने विचारलं.

"कुठे काय!"

"पासपोर्ट वगैरे ठीक ना?"

पुन्हा कमरेवर थाप. गोळ्या खुळखुळल्या.

ग्रेटना ग्रीन हे स्कॉटलंडच्या सीमेवरचं गाव. पूर्वी इंग्लंडमधली पोरंपोरी घरच्यांचा डोळा चुकवून इथे पळून यायची आणि लोहाराच्या ऐरणीसमोर लग्न लावायची. राजनने ही माहिती रंगवून सांगितली आणि म्हणाला, "अब सब कपल फिर से शादी करेंगे!" एक घागरेवाला मनुष्य काखेत बॅगपाइपची पिशवी दाबून सुरांचा धूर काढू लागला. राजन हातात हातोडा घेऊन ऐरणीमागे उभा राहिला. जोडपी लाजत, ढकलाढकली करत एकेक करून पुढे जाऊ लागली, फोटो, टाळ्या, हातोड्याचा ठाण्णकन आवाज.

आठल्यांची पाळी आली. लीनाने मुद्दाम जपून आणलेली मोतिया रंगाची साडी आज नेसली होती, हे दत्तप्रसादांना आत्ता ऐरणीसमोर दिसलं. तिने हात पुढे केला. त्यांनी धरला. राजन म्हणाला, "अंकलजी, आप को लीना आंटी पे पूरा भरोसा है?"

आणि तेवढ्यात राजनच्या खांद्यावरून त्यांना दिसलं, की गॅव्हिन दूर टपरीपाशी उभा आहे, बसचं दार सताड उघडं आहे आणि कमालभाई पिशवी आत ठेवून हात हलवत बाहेर येतायत.

"एक मिनिट," दत्तप्रसाद म्हणाले, आणि बायकोचा हात सोडून पळाले.

सुरांचा धूर काढणारा थांबला. हातोडा राजनच्या हातात वरच राहिला. या ऐरणीसमोर आजवर पळून आलेले पुष्कळ असतील, पण ऐरणीसमोरून पळून गेलेला नवरा त्या गावाने पहिल्यांदाच पाहिला असेल. अर्थात सगळे मागून धावले, कारण काकांना काहीतरी झालं, छातीत कळ आली, असं कोणीतरी ओरडलं.

ते बसमध्ये पोचले तेव्हा दत्तप्रसाद कमालभाईंच्या सीटवर गुडघे टेकून होते. मांडीवर डबा, झाकण तोंडात, दोन्ही हात कोपरापर्यंत डब्यात. लाडू सीटवर, लाडू पायाखाली, एक लाडू घरंगळत थेट गॅव्हिनच्या पेडलपर्यंत. डब्याच्या तळाशी चकचकीत स्टील होतं आणि त्यात दत्तप्रसादांना स्वतःचा चेहरा दिसत होता. बाकी काही नव्हतं.

 पुढच्या सीटवरच्या बाई हळहळून म्हणाल्या, "शुगर असणार. घरी देत नसतील. आमच्या ह्यांचं अस्संच होतं."

"काका, एवढे आवडतात तर मागायचे ना!" मागून कोणीतरी म्हणालं.

कमालभाई पुढे आले, त्यांनी पायाखालचा एक लाडू उचलला, फुंकर मारली आणि दत्तप्रसादांच्या हातात ठेवला. "खा दत्तभाऊ, लाजू नका. नाय तरी तुमच्याच घरचे."

दत्तप्रसादांनी तोंडातलं झाकण काढलं. काय बोलणार? खरं सांगावं तर मूर्ख ठरतो, गप्प बसावं तर चोर. त्यांनी दोन्ही बाजू तोलून पाहिल्या. चोराला निदान काहीतरी अक्कल असते, असा विचार करून त्यांनी चोर व्हायचं ठरवलं. लाडू खाल्ला. डोळ्यांत पाणी आलं, ते ठसक्याचं आहे असं सगळ्यांना वाटलं.

लीना दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते त्यांना वाचता येईना. "काय झालं हो?" तिने अगदी हळू विचारलं. "काही हरवलंय का?"

तिच्या आवाजात काहीतरी होतं. त्या क्षणी त्यांना सांगून टाकावंसं वाटलं, खरंच वाटलं. ओठ हललेही. पण समोर एवढी माणसं. "काही नाही," ते म्हणाले. "भूक लागली होती."

तिने मान हलवली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. पर्सवर दोन्ही हात ठेवून.

ग्रेटना ते एडिनबरा हा रस्ता फार देखणा आहे म्हणतात. दत्तप्रसादांनी तो पाहिला नाही. ते एकेकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करत होते. कमाल, त्याच्याकडे कारण आहे. खदिजा, तिच्या हातात डबा होता. गॅव्हिन, त्याच्याकडे किल्ली आहे. राजन, तो टेन्शन घेऊ नको म्हणतो. ती "लव्हली" म्हणणारी बाई, ती तर उघड उघड सामील. सुरांचा धूर काढणाऱ्याचीही त्या ढगळ घागऱ्यात काय काय लपवायची सोय होती! वकिलातीत काय सांगायचं? ऑफिसात काय सांगायचं? साहेब विचारणार, आठल्ये, पासपोर्ट कुठे ठेवले होते? आणि जन्मभर दुसऱ्यांना "नेमकं सांगा, नेमकं" असं म्हणणाऱ्या माणसाने उत्तर द्यायचं, लाडवांखाली.

त्यात भर म्हणजे, पुढच्या सीटवरच्या बाईंनी वर ठेवलेली चिवड्याची पिशवी हळूच काढून मांडीवर घेतली. शेजारच्यांनी शंकरपाळ्यांच्या पिशवीला गाठ मारली. सगळ्या गाडीचा डोळा आता दत्तप्रसादांवर होता. ते नुसते पाय लांब करायला उठले तरी माना वळत. आपण लोकांकडे रोज कसं बघतो ते त्यांना त्या दिवशी समोरून बघायला मिळालं, आणि ते त्यांना मुळीच आवडलं नाही.

एडिनबराच्या हॉटेलात लॉबीभर बॅगा पसरल्या. राजनने टाळी वाजवली. "सब लोग पासपोर्ट निकालो. रिसेप्शन को देखने हैं. यल्ला, यल्ला!"

एकेक कुटुंब पुढे सरकू लागलं. दत्तप्रसादांनी आपला नंबर आधी मागे घेतला, मग आणखी मागे. शेवटी मागे कोणी उरलंच नाही. काउंटरवरची मुलगी हसून हात पुढे करून उभी राहिली. दत्तप्रसादांचा हात सवयीने कमरेकडे गेला आणि तिथेच थांबला.  सगळा ग्रुप चावी घेऊन जायच्याऐवजी तिथेच रेंगाळत होता, कमाल आणि खदिजा तर अगदी पुढे. त्यांनी बायकोकडे बघितलं. दिवसभर मिरवून त्या मोतिया साडीला सुरकुत्या पडल्या होत्या. तिचा ऐरणीसमोरचा फोटो राहूनच गेला होता.

"लीना," ते म्हणाले, आणि त्यांना स्वतःचाच आवाज ओळखू येईना. "पासपोर्ट नाहीत. मी हरवले. तुला न सांगता लाडवांच्या डब्यात ठेवले होते गं. आता त्यात नाहीत. माझंच चुकलं."

 लीनाने पर्स उघडली, प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि दोन्ही पासपोर्ट काउंटरवर ठेवले.

दत्तप्रसाद ते पासपोर्ट नुसते बघतच राहिले. "हे... कधीपासून?"

"सकाळपासून. भाभींनी चहाबरोबर लाडू घ्यायला डबा उघडला, तर लाडवांच्या फटीतून ही पिशवी दिसली. तशाच धावत आल्या माझ्याकडे."

"म्हणजे दिवसभर तुझ्याकडे होते? आणि यांना माहीत होतं?"

कमालभाईंनी कान पकडले. "लीनाभाभींचा हुकूम होता, दत्तभाऊ. मी नुसती पिशवी धरली."

"अगं, मग सांगितलं का नाहीस?"

"विचारलंत तुम्ही?" लीनाचा आवाज थोडा कापला. "मी विचारलं. बसमध्ये विचारलं, चहाला विचारलं, तिथे सगळ्यांदेखत विचारलं, काही हरवलंय का म्हणून. दोनदा कमरेवर थाप, तिसऱ्यांदा म्हणे भूक! तुम्ही एकदा म्हणाला असतात ना, लीना, घोळ झालाय, तर तिथल्या तिथे दिले असते. पण तुम्ही सगळ्या गाडीवर संशय घेतलात, त्या गॅव्हिनवरसुद्धा, आणि मला एक शब्द विचारावा असं काही तुम्हाला वाटलं नाही."

 गाडीत कट आहे, हा दत्तप्रसादांचा संशय शंभर टक्के खरा निघाला होता. आयुष्यात इतका अचूक संशय त्यांनी कधी घेतला नव्हता, आणि तो कोणाला सांगायची सोय राहिली नव्हती.

काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट उघडला. दत्तप्रसादांच्या फोटोवर, बरोबर कपाळाच्या जागी, पिशवीत झिरपलेल्या तुपाचा डाग पडला होता. तिने पान नाकाजवळ नेलं, वास घेतला आणि म्हणाली, "लव्हली!"

ती मुलगी पासपोर्ट परत देऊ लागली. दत्तप्रसादांनी सवयीने हात पुढे केला, मग मागे घेतला. "तिच्याकडे द्या," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी एडिनबराच्या किल्ल्यापाशी तोच की दुसरा कोण जाणे, पण घागरेवाला भेटला, तेव्हा त्यांनी आपणहून लीनाचा हात धरून फोटो काढवून घेतला. राजनने मागचा प्रश्न पुन्हा विचारला. "पूरा," असं दत्तप्रसाद म्हणाले, आणि कमालभाई इतके जोरात हसले की फोटो हलला.

परतताना बहरीनच्या विमानतळावर इमिग्रेशनच्या साहेबाने तो डाग नखाने खरवडला आणि मान वर करून दत्तप्रसादांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. ही नजर त्यांच्या चांगल्या ओळखीची होती, ती रोज आरशात असे. "व्हॉट इज धिस?"

"लाडू," लीना म्हणाली.

"लड्डू?" साहेबाने पुन्हा एकदा बघितलं आणि शिक्का मारला. "खलास. यल्ला."

त्या वर्षी गणपतीत आठल्यांच्या घरी माणसं जमली. कमालभाई-खदिजाही आले होते, तोच कोरीव नावाचा डबा घेऊन, भरलेला. आरती झाली, प्रसाद झाला आणि चिराग म्हणाला, "काका, ते बाब-अल-बहरीनचं सांगा ना. नव्या लोकांनी ऐकलेलं नाही."

 लीना चहा आणायला उठली होती, ती दारात थांबली. दत्तप्रसादांनी तिच्याकडे बघितलं, मग कमालभाईंकडे बघितलं, मग समोरच्या डब्याकडे. घसा साफ केला.

"तो दुकानदार," ते म्हणाले, "फार सज्जन माणूस. हिचं कार्ड काउंटरवर राहिलं, तर त्याने ते गल्ल्यात जपून ठेवलं, नंबर शोधून स्वतः फोन केला, आणि आम्ही पोचेपर्यंत दुकान बंद न करता आमची वाट बघत बसला. चहासुद्धा पाजला."

"बस्स?" चिराग म्हणाला. "यात हसायचं काय आहे?"

"काही नाही," दत्तप्रसाद म्हणाले.

लीना चहा न आणता तशीच येऊन त्यांच्या शेजारी बसली. लाडवांची गोष्ट तिने आजतागायत झिंजमध्ये कोणालाही सांगितलेली नाही. का सांगत नाही, याचा दत्तप्रसादांना हल्ली फार संशय येतो.